स्टँड हलला, गर्दी तिथंच

पुण्याला कामासाठी जाणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला गेली काही वर्षे दोन तिकिटे पडतात. एक एसटीचे आणि दुसरे रिक्षाचे. पहिल्यात सवलत मिळते, दुसऱ्यात घासाघीस. जुन्नर, आंबेगाव आणि खेड या तीन तालुक्यांतून नाशिक रस्त्याने येणारी एसटी पूर्वी शिवाजीनगरच्या स्टँडवर थांबायची. मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी ती जागा लागली आणि २०१९ सालच्या डिसेंबरअखेर स्टँड वाकडेवाडीला, सरकारी दूध डेअरीच्या जागेत नेण्यात आला. तात्पुरता, असे त्यावेळी सांगितले होते. मेट्रोचे शिवाजीनगर स्थानक १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. एसटीचा स्टँड मात्र २०२५ साल उजाडले तरी आपल्या जागी परतला नव्हता.

दोन-अडीच किलोमीटरचा तर प्रश्न, त्यात काय एवढे, असे शहरातला माणूस म्हणेल. त्याच्याकडे दुचाकी असते. आपल्या माणसाकडे पिशवी असते. पिशवीत कागद, भाकरी, कुणा नातेवाइकाला द्यायचे तांदूळ नाहीतर शेंगा. बरोबर बहुधा एखादे म्हातारे माणूस किंवा लेकरू.

जुन्या स्टँडच्या भोवती आपली कामे होती, हे विसरून चालणार नाही. शिवाजीनगरचे रेल्वे स्टेशन अगदी लगत. साखर संकुल, कृषी महाविद्यालय, जिल्हा न्यायालय ही सगळी पायी गाठण्यासारखी. वाटपाच्या दाव्याची तारीख असलेला शेतकरी पहाटेच्या गाडीने निघून अकराच्या आत कोर्टाच्या दारात उभा राहायचा आणि खिशातले पैसे वकिलासाठी शिल्लक राहायचे. माती-पाण्याचा सल्ला घ्यायला, रोपे-बियाणे बघायला कृषी महाविद्यालयात जाणारा तरुण शेतकरी उतरला की चालत निघायचा. आता तो वाकडेवाडीला उतरतो. बाहेर रिक्षांची रांग. पुण्यात २०२२ च्या सप्टेंबरात रिक्षाचे भाडे ठरले ते पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये. मीटरने गेले तरी जुन्या स्टँडपर्यंत चाळीसच्या पुढे जाते आणि ससून रुग्णालयापर्यंत साठच्या घरात. मीटरने गेले तर, हे लक्षात घ्या.

आता सवलतींची गोष्ट पाहा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. सर्व महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले. या दोन निर्णयांनी खेड्यातली बाई आणि खेड्यातला म्हातारा माणूस घराबाहेर पडू लागला, हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. दवाखाना असो की लेकीचे सासर, जाणे-येणे वाढले. पण ही सवलत स्टँडच्या फाटकापाशी संपते. पंच्याहत्तरीच्या आजीला गाव ते पुणे फुकट आणि वाकडेवाडी ते ससून मात्र रोख. सरकारने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे कुणाच्या मनात नसेल, पण स्टँडची जागा चुकली की नेमके तेच होते.

यात गंमत म्हणावी की दैव म्हणावे, कळत नाही. ज्या मेट्रोसाठी स्टँड उठला ती मेट्रो वाकडेवाडीला जातच नाही. खडकीहून ती रेंज हिल्सकडे वळते आणि शिवाजीनगरला जमिनीखाली शिरते. म्हणजे मेट्रो आली जुन्या स्टँडच्या जागी आणि एसटीचा प्रवासी गेला बाजूच्या रस्त्याला. २९ सप्टेंबर २०२४ पासून हीच मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली. स्टँड जागेवर असता तर जुन्नरहून सातारा, बारामती किंवा कोल्हापूरकडे निघालेल्या माणसाने एसटीतून उतरून जिना उतरायचा आणि चार स्थानके ओलांडून स्वारगेटला दुसरी एसटी पकडायची, इतके ते सोपे झाले असते. आज तोच माणूस रिक्षात बसून, सारे पुणे ओलांडून, गर्दीत भर घालत जातो.

गर्दीचा मुद्दा आला म्हणून थोडा हिशेब मांडतो. शहरातले लोक म्हणतात, आणि काही अधिकारीही म्हणतात, की स्टँड बाहेर गेला ते बरेच झाले. एवढाली धुडे शहराच्या मध्यातून कमी झाली. खरेच झाली का?

आपण चाऱ्याचा अंदाज काढतो तेव्हा शेळी, वासरू, म्हैस यांचे मोठ्या जनावरांत रूपांतर करतो, म्हणजे गोठ्याला एकूण किती वैरण लागेल ते कळते. रस्त्याची माणसेही तसेच करतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे दंडक ठरवणारी संस्था आहे. तिने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेल्या तक्त्यात एक मोटार किंवा एक रिक्षा म्हणजे १ असे धरले आहे. मोटारसायकल अर्धी. बस किंवा ट्रक ३. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार. आणि मोठी बैलगाडी ८! गाडीवानांनी रागावू नये. बैलगाडी हळू चालते आणि मागच्याला पुढे जाता येत नाही, म्हणून हा आकडा. शहरातल्या रस्त्यांसाठी आकडे थोडे वेगळे आहेत, पण प्रमाण समजायला हा तक्ता पुरे.

आता साध्या एसटीत ४४ माणसे बसतात आणि ११ उभी राहतात. उभी सोडून द्या. बसलेली ४४ माणसे एका गाडीतून शहराच्या मध्यापर्यंत आली तर रस्त्यावर ३ इतकी जागा जाते. हीच माणसे अलीकडे उतरवली आणि तीन-तीन करून रिक्षात बसवली तर रिक्षा लागतात १५. म्हणजे ३ च्या जागी १५. बरे, सगळेच रिक्षाने जात नाहीत, निम्मे पीएमपीने गेले किंवा पायी गेले असे धरू. तरी आठ रिक्षा झाल्याच, आणि पीएमपीची गाडी वेगळी. स्टँड बाहेर नेल्याने गर्दी कमी झाली नाही. मोठी नोट मोडून चिल्लर झाली, एवढेच. चिल्लर खिशाला जड असते.

हे मांडतो म्हणजे स्टँड भर चौकातच हवा, कसाही असला तरी चालेल, असे माझे म्हणणे नाही. स्वारगेट पाहा. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, शिवाजी रस्ता असे मोठे रस्ते जिथे एकत्र येतात त्याच जेधे चौकाच्या तोंडावर एसटीचा स्टँड, शेजारी पीएमपीचा स्टँड, आता मेट्रो. मार्केट यार्डाकडे जाणारा मालही याच परिसरातून. जागा म्हणून ती उत्तम आहे, कारण सगळी साधने एका ठिकाणी मिळतात. बिघाड आहे तो आत-बाहेर करण्याच्या वाटेत. चौकात उड्डाणपूल बांधला; पण ज्या बसला स्टँडमध्येच शिरायचे आहे तिला पुलाचा काय उपयोग? तिला खालूनच यावे लागते. खाली तिच्यासमोर रिक्षा, टमटम, खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि रस्ता ओलांडणारी माणसे. बस थबकली की तिच्यामागे चौक थबकतो. लोक म्हणतात एसटीमुळे कोंडी झाली. एसटी तर स्वतःच कोंडीत सापडलेली असते.

आत शिरल्यावर तरी मोकळे असते का? अनेक स्टँडच्या आवारात बंद पडलेल्या, जप्त केलेल्या, भंगारात काढलेल्या गाड्या वर्षानुवर्षे उभ्या राहत आल्या. चालू गाडीला वळायला जागा नाही आणि बंद गाडी ऐसपैस. त्या आडोशाचे काय होते ते २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. स्वारगेटच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर आवारातल्या जुन्या गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. दिवे, पहारा, दिसणारी-न दिसणारी कोपरे हासुद्धा स्टँडच्या आखणीचाच भाग आहे. पहाटेच्या गाडीने बायकामाणसांना पाठवताना घरच्यांच्या जिवाला घोर लागू नये, इतकी अपेक्षा जास्त नाही.

पुण्याचे सोडा, आपल्या तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांकडे वळू. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या तिन्ही ठिकाणी स्टँड जुन्या पुणे-नाशिक महामार्गावर. एसटी नवीन होती तेव्हा ते ठीकच होते. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी धावली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगाव स्टँड झाले ते बहुधा वस्तीच्या कडेला, मोकळ्या माळावर. मग गाव स्टँडकडे सरकत आला. आधी चहाची टपरी, मग खताचे दुकान, मग दवाखाना, मग कॉलेज, पतसंस्था, मंगल कार्यालय. माळावरचा स्टँड पाहता पाहता गावाचे नाक झाला. यात वाईट काही नाही. माणसे जिथे येतात तिथेच दुकान चालते. वाईट इतकेच, की गाव दसपट वाढला आणि स्टँडचे फाटक तेवढेच राहिले. कित्येक ठिकाणी तर आत जायचे आणि बाहेर यायचे फाटक एकच.

ज्याने ट्रॅक्टरने नांगरट केली आहे त्याला हे चटकन कळेल. वळायला बांधालगत पट्टा सोडावा लागतो. नाही सोडला तर पीक चिरडते नाहीतर नांगर बांधात घुसतो. एसटी साधारण अकरा-बारा मीटर लांब. ती उजवीकडे वळते तेव्हा समोरून येणारे सगळे थांबवून वळते. फाटकाच्या दोन्ही अंगांना हातगाड्या, समोर रिक्षा, कडेला लावलेल्या दुचाकी. ड्रायव्हर काचेतून हात काढून विनवतो, कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो. एवढी पाच मिनिटे गेली की अर्धा किलोमीटर रांग लागते. त्यात नारायणगावला टोमॅटोचा हंगाम असेल तर क्रेट भरलेल्या पिकअपची रीघ. गाळप सुरू असेल तर विघ्नहर नाहीतर भीमाशंकर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. तक्त्याप्रमाणे एका ट्रॉलीचा ट्रॅक्टर साडेचार. दोन ट्रॉल्या जोडल्या की पुढचे ज्याचे त्याने मोजावे. मंचरला तरकारी घेऊन निघालेल्या माणसाचा माल रांगेत सुकतो आणि लिलावाची वेळ टळते. तोटा झाला की तो बाजारभावाच्या नावाने बोटे मोडतो. स्टँडच्या फाटकाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

ही कोंडी फोडायला बाह्यवळण रस्ते झाले. झाले ते चांगलेच झाले, याबद्दल दुमत नाही. नाशिकला जाणारा ट्रक गावात कशाला यावा? पण बायपास आखताना एसटीचे काय करायचे हा विचार कुणी केलेला दिसत नाही. लांब पल्ल्याच्या काही गाड्या आता गावात न येता परस्पर बायपासने जातात. गावचा उतारू असेल तर त्याला बायपासच्या टोकाला उतरवतात. तिथे शेड नाही, दिवा नाही, पाण्याचा नळ नाही. मोटारी सुसाट. रात्री साडेदहाला एखादी बाई लेकरासह तिथे उतरली तर तिने गावात यायचे कसे? फोन करून घरचे माणूस बोलवायचे. घरी माणूस नसेल तर? गाडी पकडायची असेल तर आणखी कठीण. स्टँडवर जावे की बायपासला, हेच कळत नाही. दोन्हीकडे चुकामूक झालेली माणसे मला ठाऊक आहेत. ड्रायव्हरलाही सर्वस्वी दोष देता येत नाही. गावातल्या कोंडीत अर्धा तास गेला तर पुढच्या थांब्यावरची शिवी त्यालाच खावी लागते.

हे सारे असे का होते, याचे उत्तर फार गहन नाही. स्टँडची जागा एसटी महामंडळाची. समोरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, नाहीतर महामार्गाचा. हातगाड्या आणि अतिक्रमण नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे. रिक्षा आणि जीपचे परवाने आरटीओचे. वाहतूक पोलिसांची. पाच कचेऱ्या, आणि पाचही जण एका टेबलाशी बसत नाहीत. विहीर एकाची, मोटार दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची आणि पाटाला भगदाड चौथ्याच्या रानात, अशी गत. पाणी कुणाच्याच पिकाला पोचत नाही.

आणि जेव्हा नवा स्टँड बांधायचा ठरतो तेव्हा पहिला प्रश्न विचारला जातो तो जागा कुठे मोकळी आहे, हा. दुसरा, पुढच्या अंगाला गाळे किती निघतील. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या पद्धतीने स्टँड बांधायची चाल आली तेव्हापासून गाळ्यांना भलताच मान आला. एसटी तोट्यात असते, तिला भाड्याचा आधार हवा, हे मान्य. पण गाळ्यांनी दर्शनी बाजू व्यापली की फाटक कोपऱ्यात ढकलले जाते, आणि कोपऱ्यात बहुधा चौक असतो. गाळ्यातला गिऱ्हाईक आपली दुचाकी लावतो फाटकाच्या तोंडाशी. तिसरा प्रश्न, म्हणजे इथे उतरणारा माणूस पुढे कुठे जातो, हा विचारलेला मी तरी ऐकला नाही. खरे तर तो पहिला हवा. २०२३ मध्ये स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान झाले. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, स्वच्छतागृहांकडे थोडे लक्ष गेले. चांगलेच झाले. फाटके मात्र होती तिथेच राहिली.

जीपवाल्यांबद्दलही दोन शब्द. स्टँडपासून २०० मीटरच्या आत खासगी प्रवासी गाड्यांनी उभे राहू नये, असा दंडक आहे. तो पाळला जात नाही हे सांगायला माझी गरज नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात सरकारनेच खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. फाटकावर आलेल्या जीपा मग फाटकावरच रुळल्या. पोलीस आले की चार दिवस पांगतात, पाचव्या दिवशी परत. पण विचार करा, वाडीवस्तीवर जिथे एसटी दिवसातून दोनदाच जाते तिथला माणूस घरी जाणार कसा? जीप त्याची गरज आहे. गरज हुसकून जात नाही, तिला जागा द्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ यात वाहने उभी करण्याच्या आणि थांब्यांच्या जागा स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने ठरवून देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद ही त्यातली स्थानिक संस्था. जीपला स्टँडपासून चालत जाता येईल अशी, पण फाटकाच्या आड न येणारी जागा नेमून दिली आणि मग दोनशे मीटरचा नियम लावला तर तो टिकेल. आधी दंड आणि मग जागा, असे केले तर दंडच नुसता गोळा होईल.

आता करायचे काय? इथे आपल्या गावपुढाऱ्यांचा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा (जुन्या भाषेत ग्रामसेवकांचा) संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एसटीच्या स्टँडचा विषय गावसभेत निघत नाही. निघाला तर ‘आमच्या गावाला गाडी वाढवा’ एवढाच. गाडी वाढवण्याचा ठराव दरवर्षी जातो आणि दरवर्षी कपाटात बसतो. त्याऐवजी नेमके मागा.

वाकडेवाडीचा स्टँड शिवाजीनगरला परत आणा ही मागणी तर आहेच, आणि ती सोडू नये. पण ते होईपर्यंत पाच-सात वर्षे हातावर हात ठेवून बसायचे का? नाशिक रस्त्याने येणारी प्रत्येक एसटी भोसरी ओलांडून नाशिक फाट्याला येते. तिथेच मेट्रोचे स्थानक आहे.  त्या ठिकाणी एसटीचा अधिकृत थांबा, रस्त्याच्या कडेला बस पूर्ण आत घेता येईल असा खोबणीचा कप्पा, वर शेड आणि मेट्रोच्या जिन्यापर्यंत चालायला वाट एवढे केले तर कोर्टाला, शिवाजीनगरला, मंडईला, स्वारगेटला जाणारा माणूस तिथूनच मेट्रो धरेल. जाणती पोरे आताच तसे करतात. कंडक्टरला विनवून उतरतात आणि रस्ता ओलांडून पळतात. जे पळत होते ते रीतसर व्हावे, इतकीच मागणी. याला मोठी जमीन लागत नाही. वाकडेवाडीच्या फाटकावरच्या रिक्षाही त्याने कमी होतील.

तालुक्याच्या स्टँडबाबत मागण्या गावपरत्वे बदलतील, पण काही गोष्टी सगळीकडे सारख्या. आत जायचे आणि बाहेर यायचे फाटक वेगळे हवे आणि दोन्ही चौकापासून दूर. बसने शक्यतो डावीकडूनच आत यावे आणि डावीकडेच बाहेर पडावे. उजवे वळण घ्यायचे तर पुढच्या चौकातून फिरून यावे. चार मिनिटे जास्त जातील, पण चाळीस गाड्या थांबणार नाहीत. रिक्षाला आवाराच्या आतच एका कडेला रांग द्यावी, म्हणजे ती फाटकात उभी राहणार नाही. दुचाकी ठेवायला सोय हवी. खेड्यातला नोकरदार गावातून दुचाकीने स्टँडवर येतो, गाडी लावून पुढे एसटीने जातो. त्याची दुचाकी आज रस्त्यावर असते. आणि बायपासच्या दोन्ही टोकांना शेड व दिवा. कोणत्या गाड्या गावातून आणि कोणत्या बायपासने जातात, याचा फलक स्टँडवर आणि टोकाला, मराठीत, मोठ्या अक्षरांत.

शहराची किंवा नगरपरिषदेची विकास योजना जाहीर होते तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. त्या नकाशात बसस्थानकाचे आरक्षण कुठे टाकले आहे ते आजूबाजूच्या गावांनी जाऊन पाहावे. स्टँड वापरणारी निम्म्याहून जास्त माणसे हद्दीबाहेरच्या खेड्यांतली असतात, पण हरकती घेतात ते हद्दीतले जमीनमालक. आरक्षण पडले म्हणजे काम झाले असेही समजू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६, कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि त्या नोटिशीच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटते. स्टँडसाठी राखलेल्या जागेवर पुढे इमारती उभ्या राहतात त्या अशाच.

एक काम मात्र कुणाची वाट न पाहता करता येईल. गावातल्या कॉलेजच्या चार मुलांना आठवडी बाजाराच्या दिवशी स्टँडच्या फाटकावर बसवा. सकाळी आठ ते अकरा किती बस आत गेल्या, किती बाहेर आल्या, प्रत्येक वेळी रस्ता किती मिनिटे थांबला, फाटकाच्या दोन्ही बाजूंना किती रिक्षा, जीप, हातगाड्या उभ्या होत्या, एवढे वहीत लिहून घ्या. असेच एका साध्या दिवशी. कीड किती आहे हे आपण झाडे मोजून ठरवतो, नुसते ‘फार किडले’ म्हणून फवारणी सांगत नाही, तसेच हे. ‘वाहतुकीची गंभीर समस्या’ असे लिहिलेला ठराव कुणी वाचत नाही. ‘अमुक तारखेला तीन तासांत रस्ता सव्वा तास बंद होता’ असे लिहिले तर वाचावे लागते. हे आकडे जोडून ग्रामसभेचा ठराव करा. एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक एसटीच्या विभाग नियंत्रकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, कारण त्या पाच कचेऱ्या एकत्र आल्याच तर त्या टेबलाशीच येतात. एकाच स्टँडवर येणाऱ्या आठ-दहा गावांनी एकाच मजकुराचा ठराव एकाच आठवड्यात पाठवला तर अधिक बरे. प्रत्येक प्रतीची पोच घ्यायची, आणि ती सरपंचाच्या घरी नाही, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवायची.